एल्म ०.१९.१ : मॉड्यूलमधून मॉड्यूलमध्ये मेसेज नेण्याचं परीक्षण

नाशिक जिल्ह्यातल्या एका द्राक्ष पॅकहाउसचं आवक-नोंदीचं अ‍ॅप मी सांभाळते. गेटवर गाडीची नोंद, काट्यावर क्रेटचं वजन, मग प्रतवारी आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पावती, एवढं त्याचं काम. ब्राउझरमध्ये चालणारा सगळा भाग एल्म या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला आहे. एल्मचं नाव निघालं की लोक टाइप (कुठली माहिती कुठल्या प्रकारची हे आधीच ठरवून देणं) आणि कंपायलरच्या, म्हणजे कोड तपासून ब्राउझरसाठी तयार करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, समजूतदार एररबद्दल बोलतात. ते खरंच आहे, त्यावर पुष्कळ लिहूनही झालंय. मला इथे फक्त एका गोष्टीवर लिहायचंय, जी नव्याने आलेला प्रत्येक जण हमखास विचारतो: अ‍ॅप एका फाइलमध्ये मावेनासं झालं आणि त्याचे वेगळ्या फाइलमध्ये भाग, म्हणजे मॉड्यूल, केले की एका मॉड्यूलचा मेसेज दुसऱ्यापर्यंत पोचवायचा कसा, आणि त्यात एल्म किती साथ देतं? माझं मत आधीच सांगते. टायपिंग भरपूर करावं लागतं, पण त्याच्या बदल्यात जे हाती येतं ते मला जावास्क्रिप्टच्या कुठल्याही फ्रेमवर्कमध्ये मिळालेलं नाही.

ज्यांनी एल्म पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इव्हान चाप्लिकी यांनी हार्वर्डमध्ये शिकत असताना २०१२ साली प्रबंधातून ही भाषा मांडली. एल्मच्या प्रोग्रॅममध्ये एक मॉडेल असतं, म्हणजे अ‍ॅपची त्या क्षणाची सगळी माहिती. व्ह्यू नावाचं फंक्शन मॉडेल बघून एचटीएमएल तयार करतं. कुणी बटण दाबलं, सर्व्हरचं उत्तर आलं, ठरलेली वेळ झाली, की मेसेज येतो. अपडेट नावाचं फंक्शन तो मेसेज आणि जुनं मॉडेल घेऊन नवं मॉडेल परत देतं. सोबत एक कमांड देतं, म्हणजे रनटाइमने (अ‍ॅप चालवणाऱ्या एल्मच्या यंत्रणेने) पुढे काय करायचं त्याची सूचना. कोणकोणते मेसेज येऊ शकतात त्यांची यादी एका टाइपमध्ये लिहिलेली असते आणि त्या यादीबाहेरचं काहीही अपडेटपर्यंत पोचूच शकत नाही.

यात इव्हेंट बस, म्हणजे कुणीही निरोप टाकावा आणि कुणीही उचलावा अशी सामाईक वाट, नाही. कुठूनही हात घालता येईल असं ग्लोबल स्टोअरही नाही. सगळ्या अ‍ॅपचा एकच मेसेज टाइप, एकच अपडेट. त्यामुळे मॉड्यूल वेगळी केली की जोडणी आपल्यालाच करावी लागते. आमच्या वजनाच्या मॉड्यूलचं उदाहरण घ्या. त्याचा स्वतःचा मेसेज टाइप आहे: काट्याचं रीडिंग आलं, क्रेटची संख्या बदलली, नोंद सर्व्हरवर पोचली, वगैरे. मुख्य मॉड्यूलच्या मेसेज टाइपमध्ये त्यासाठी एक प्रकार वाढवायचा, 'गॉट वजन मेसेज', आणि त्याच्या पोटात वजनाच्या मॉड्यूलचा मेसेज ठेवायचा. मग मुख्य मॉडेलमध्ये वजनाच्या मॉडेलसाठी एक जागा. अ‍ॅप सुरू होताना चालणाऱ्या इनिट फंक्शनमध्ये त्याची सुरुवात. अपडेटमध्ये एक शाखा, जी आतला मेसेज काढून वजनाच्या अपडेटकडे देते आणि परत आलेली कमांड 'कमांड मॅप'ने गुंडाळते, म्हणजे तिच्यातून येणारा मेसेजही 'गॉट वजन मेसेज'च्या पोटात घालते. त्याचसाठी व्ह्यूमध्ये 'एचटीएमएल मॅप', आणि बाहेरून येणाऱ्या घटना ऐकणाऱ्या सबस्क्रिप्शनमध्ये 'सब मॅप'. एक पॅनल जोडायला इतक्या ठिकाणी हात लावावा लागतो, आणि अशी चार पॅनल झाली की फाइल उघडल्याबरोबर कंटाळा येतो. नवे लोक इथेच वैतागून एल्म सोडतात. मला त्यांचा राग येत नाही.

पण जरा थांबा, कारण या जोडणीचा मोबदला दुसऱ्याच दिवशी दिसतो. काट्याची केबल निघाली तर स्क्रीनवर जुनंच वजन दिसत राहायला नको, म्हणून आम्ही वजनाच्या मेसेजमध्ये 'काटा तुटला' असा प्रकार वाढवला. कंपाइल केलं. कंपायलरने थेट त्या केस एक्स्प्रेशनवर, म्हणजे मेसेजच्या प्रत्येक प्रकाराला काय करायचं ते लिहिलेल्या जागेवर, बोट ठेवलं: इथे सगळ्या शक्यता हाताळलेल्या नाहीत, अमुक शक्यता राहिली आहे. ती शाखा लिहिल्याशिवाय अ‍ॅप तयारच होत नाही. रीडिंगच्या मेसेजला आधी नुसतं वजन जोडलेलं होतं, पुढे वजनासोबत काट्याचा क्रमांकही हवा झाला. तेव्हा जिथे जिथे तो मेसेज बनतो किंवा उघडला जातो ती प्रत्येक जागा कंपायलरने दाखवली. मी शोधाशोध केली नाही, सहकाऱ्यांना विचारत फिरले नाही. भर हंगामात, बाहेर गाड्यांची रांग लागलेली असताना बदल करायची वेळ येते तेव्हा हा आधार किती मोठा असतो ते त्या जागी उभं राहिल्यावरच कळतं.

आता खरी अडचण. मुख्य मॉड्यूल हा पालक आणि वजनासारखं मॉड्यूल हे मूल समजा. वरून खाली मेसेज पोचवणं नुसतं मेहनतीचं आहे, खालून वर काही कळवणं हे डोक्याचं काम आहे. वजन पक्कं झालं की गाड्यांच्या यादीत त्या गाडीपुढे खूण व्हायला हवी, आणि ती यादी वजनाच्या मॉड्यूलच्या ताब्यात नाही. यावर एल्मच्या जगात तीन वाटा प्रचलित आहेत.

पहिली आउटमेसेजची. मुलाचं अपडेट मॉडेल आणि कमांडबरोबर तिसरी गोष्ट परत देतं: 'पालकाला सांगायचं आहे ते'. ही वाट सरळ आहे, टाइपमध्ये स्पष्ट दिसते. फक्त एल्म ०.१९ मध्ये टपलला, म्हणजे एकत्र बांधलेल्या निनावी गोष्टींच्या जुडीला, तीनच घटकांची मर्यादा आहे. मॉडेल, कमांड, आउटमेसेज झाले की जागा संपली, चौथं काही द्यायचं तर रेकॉर्ड, म्हणजे प्रत्येक गोष्टीला नाव असलेला संच, करावं लागतं. मला ही मर्यादा पटते. चार-चार निनावी गोष्टी परत देणारं फंक्शन वाचायला त्रासच असतो.

दुसरी वाट मला सर्वांत आवडते. मुलाचं व्ह्यू स्वतःच्या मेसेज टाइपचं एचटीएमएल परत न देता कुठल्याही मेसेज टाइपचं देतं, म्हणजे फंक्शनच्या सहीमध्ये (ते काय घेतं आणि काय देतं हे सांगणाऱ्या ओळीत) ठरलेल्या टाइपच्या जागी लहान अक्षरातला टाइप व्हेरिएबल असतो. आणि पालक त्याला एका रेकॉर्डमध्ये दोन फंक्शनं हातात देतो: एक, 'तुझा आतला मेसेज असा गुंडाळ', आणि दुसरं, 'वजन पक्कं झालं तर माझा हा मेसेज पाठव'. मग 'वजन पक्कं करा' हे बटण दाबल्यावर थेट पालकाचाच मेसेज निघतो. 'एचटीएमएल मॅप'ची गरजच उरत नाही. वजनाच्या मॉड्यूलला गाड्यांच्या यादीबद्दल काडीचीही माहिती लागत नाही. तेच मॉड्यूल आम्ही पुढे परत जाणाऱ्या रिकाम्या क्रेटच्या वजनासाठी जसंच्या तसं वापरलं, फक्त रेकॉर्डमधलं दुसरं फंक्शन बदलून.

या वाटेच्या दोन अडचणी आहेत आणि त्या कुणी सहसा सांगत नाही. पहिली म्हणजे ही वाट फक्त व्ह्यूमधून निघणाऱ्या मेसेजना लागू पडते. 'नोंद सर्व्हरवर पोचली' हे उत्तर अपडेटमध्ये येतं, तिथे बटण नसतं. अशा ठिकाणी आउटमेसेज किंवा तेच फंक्शन अपडेटलाही देणं, एवढेच पर्याय राहतात. दुसरी अडचण 'एचटीएमएल लेझी'ची, म्हणजे काही बदललेलं नसेल तर व्ह्यूचा तो भाग पुन्हा न बनवण्याच्या सोयीची. लेझी फंक्शन आधीचे आणि आताचे आर्ग्युमेंट तेच आहेत का हे रेफरन्सवरून, म्हणजे मजकूर न बघता मेमरीतली वस्तू तीच आहे का यावरून, बघतं. पालकाच्या व्ह्यूमध्येच जागच्या जागी रेकॉर्ड लिहिला तर प्रत्येक वेळी तो नवा बनतो, मजकूर तोच असला तरी. मग लेझी कधीच लागू होत नाही आणि गाड्यांची सगळी यादी दर वेळी नव्याने मोजली जाते. उपाय सोपा आहे: तो रेकॉर्ड फाइलच्या वरच्या पातळीवर एकदाच नाव देऊन ठेवायचा. पण हे कंपायलर सांगत नाही. अ‍ॅप चालतं, फक्त गेटवरच्या जुन्या लॅपटॉपवर संथ चालतं.

तिसरी वाट म्हणजे 'टास्क सक्सीड'ला 'टास्क परफॉर्म'मध्ये घालून मेसेजची कमांड करणं आणि ती रनटाइममार्फत स्वतःलाच पाठवणं. कोड छोटा होतो, म्हणून ही युक्ती लगेच हाताला लागते. मी कोड तपासायला बसते तेव्हा ती दिसली की परत पाठवते. एकाच गोष्टीचे दोन तुकडे होतात, मधल्या काळात मॉडेल अर्धवट अवस्थेत असतं, आणि त्या फटीत दुसरं काही घुसणार नाही यावर विसंबून राहावं लागतं. वजन पक्कं झालंय पण यादीला अजून कळलेलं नाही, अशी अवस्था मुळात अस्तित्वातच का असावी?

आणि इथेच मला जे म्हणायचंय ते येतं. एल्ममध्ये मेसेज हे बाहेरच्या जगासाठी आहेत. माणसाने क्लिक केलं, सर्व्हर बोलला, काट्याने आकडा दिला, या घटना मेसेज होतात. एका मॉड्यूलला दुसऱ्याशी बोलायचं असेल तर त्याला मेसेज लागत नाही, साधं फंक्शन लागतं. पावती छापून झाली की वजनाचं पॅनल कोरं व्हायला हवं. आमच्या टीममध्ये आलेल्या एका मुलाने त्यासाठी 'कोरं कर' असा मेसेज करायला घेतला होता. वजनाच्या मॉड्यूलमधून 'कोरं' नावाचं फंक्शन बाहेर दिलं, मुख्य अपडेटने पावतीच्या शाखेतच ते वजनाच्या मॉडेलवर लावलं, काम झालं. एकच मेसेज, एकच पायरी, आणि वाचणाऱ्याला पावतीनंतर काय काय होतं ते एका जागी दिसतं. रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीतून आलेल्यांना स्क्रीनवरचा प्रत्येक चौकोन हा स्वतःची स्टेट (माहिती) सांभाळणारा कंपोनंट, म्हणजे स्वतंत्र तुकडा, वाटतो आणि मग त्यांच्यात निरोपांची ये-जा सुरू होते. एल्मच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही कंपोनंट करत बसू नका असं स्पष्टच बजावलेलं आहे. २०१७ च्या एल्म युरोप परिषदेत चाप्लिकींनी फाइल मोठी होण्याला घाबरू नका आणि मॉड्यूल डेटा स्ट्रक्चरभोवती बांधा, असं उदाहरणासह मांडलं होतं. आम्ही 'गेटपास', 'वजन', 'प्रत' अशी मॉड्यूल केली ती त्याच विचाराने. स्क्रीनवर चौकोन किती आहेत हे त्यात धरलंच नाही.

टाइपमधले प्रकार बाहेर न देता फक्त टाइपचं नाव बाहेर देता येतं, ही सोय मला फार मोलाची वाटते. वजनाच्या मॉड्यूलचे मेसेज पालक बघू शकत नाही, फक्त हातात धरून पुढे देऊ शकतो. त्यामुळे कुणी घाईत मुख्य अपडेटमध्ये वजनाचा आतला मेसेज उघडून त्यावर काही अवलंबून ठेवेल, ही शक्यताच संपते. आतले प्रकार आम्ही कितीही बदलले तरी बाहेर कुणाला धक्का लागत नाही.

मॉड्यूल एकमेकांना इम्पोर्ट करून गोल तयार झाला तर कंपायलर सरळ नकार देतो, आणि गोल कसा झाला ते बाणांनी काढून दाखवतो. पहिल्यांदा आडकाठी वाटते. बहुतेक वेळा दोघांना लागणारा टाइप तिसऱ्या मॉड्यूलमध्ये हलवला की प्रश्न मिटतो, आणि तो टाइप तिथेच असायला हवा होता हेही लक्षात येतं.

पोर्टबद्दल, म्हणजे एल्म आणि जावास्क्रिप्ट यांच्यातल्या दाराबद्दल, जरा सविस्तर, कारण आमच्या अ‍ॅपचा जीव तिथे आहे. काट्याचा इंडिकेटर सीरियल केबलने लॅपटॉपला जोडलेला आहे. क्रोमच्या वेब सीरियल सुविधेतून जावास्क्रिप्ट ते आकडे वाचतं आणि पोर्टमधून एल्मकडे देतं. पोर्ट एकतर्फी असतो: बाहेर जाणारा कमांड देतो, आत येणारा सबस्क्रिप्शन. विचारलं आणि उत्तर मिळालं अशी जोडी भाषा लावून देत नाही. पावती छापायला पाठवली आणि 'छापली' असं परत आलं, तर ती कुठल्या गाडीची हे ओळखायला क्रमांक आपणच सोबत पाठवायचा आणि परत घ्यायचा. आत येणाऱ्या पोर्टवर दोन मॉड्यूलनी सबस्क्रिप्शन घेतलं तर आकडा दोघांनाही पोचतो. आम्ही म्हणून काट्याचं सबस्क्रिप्शन वजनाचं पॅनल उघडं असतानाच चालू ठेवतो, सबस्क्रिप्शनचं फंक्शन मॉडेल बघूनच ठरवत असल्याने हे एका अटीत होतं.

पोर्टमधून येणारी व्हॅल्यू नेहमी कच्च्या जेसन व्हॅल्यूच्या रूपात घ्या आणि एल्ममध्ये डिकोड करा, म्हणजे तपासून एल्मच्या टाइपमध्ये आणा. थेट आकडा अपेक्षिला आणि जावास्क्रिप्टने स्ट्रिंग पाठवली तर चूक जावास्क्रिप्टच्या बाजूला फुटते, तुमच्या अपडेटला पत्ताही लागत नाही. डिकोडर लावला की तीच चूक साधा मेसेज होऊन येते आणि स्क्रीनवर 'काट्याचं रीडिंग समजलं नाही' असं दाखवता येतं. आणखी एक बारकावा: पोर्ट जाहीर केला पण एल्मच्या कोडमध्ये कुठे वापरलाच नाही, तर कंपायलर तो काढून टाकतो. मग जावास्क्रिप्टमध्ये त्याच्या जागी 'अनडिफाइंड' मिळतं आणि माणूस नावाचं स्पेलिंग तपासत बसतो. हे मार्गदर्शिकेत ठळक अक्षरात असायला हवं होतं.

डीबगर, म्हणजे चुका शोधायचं एल्मचं साधन, हा या सगळ्या शिस्तीचा सर्वांत गोड भाग. डीबग बिल्डमध्ये कोपऱ्यातलं बटण दाबलं की आलेला प्रत्येक मेसेज क्रमाने दिसतो, आणि त्यावर क्लिक केलं की त्या क्षणाचं मॉडेल. गुंडाळलेले मेसेज पोटातल्या मेसेजसकट दिसत असल्याने कुठल्या पॅनलमधून आला ते लगेच समजतं. इतिहास फाइलमध्ये उतरवून दुसऱ्या मशीनवर उघडता येतो. अ‍ॅपची चाचणी करणारी माझी सहकारी मला आता स्क्रीनशॉट पाठवत नाही, ती ही फाइल पाठवते, आणि मी तिच्याच पावलांनी चुकीपर्यंत चालत जाते. मेसेज टाइप मधल्या काळात बदलला असेल तर मात्र जुनी फाइल उघडत नाही.

इंटरनेटवर जुनी ट्यूटोरियल वाचताना सावध राहा. एल्मच्या ०.१६ आवृत्तीपर्यंत मेसेज पोचवायला सिग्नल, मेलबॉक्स आणि अ‍ॅड्रेस अशी वेगळीच रचना होती, मुलाला पालकाचा अ‍ॅड्रेस पुढे ढकलून द्यावा लागे. मे २०१६ मध्ये आलेल्या ०.१७ ने ते सगळं काढून सबस्क्रिप्शन आणलं. 'अ‍ॅड्रेस' दिसला की ते पान बंद करा.

तुलना करायचीच तर दोन ठिकाणी करेन. रिडक्स या जावास्क्रिप्ट लायब्ररीने एल्मकडून प्रेरणा घेतली हे त्याचे कर्ते उघडपणे सांगतात. पण तिथे प्रत्येक अ‍ॅक्शन (तिथला मेसेज) प्रत्येक रिड्यूसरच्या (तिथल्या अपडेटच्या) कानावर पडते, आणि कोण कशावर काय करतं हे कळायला सगळ्या फाइल धुंडाळाव्या लागतात. एल्ममध्ये मेसेज फक्त ज्या वाटेने गुंडाळला त्याच वाटेने जातो. दुसरं, प्युअरस्क्रिप्ट या भाषेतलं हॅलोजन हे फ्रेमवर्क. तिथे कंपोनंटला स्वतःची स्टेट असते आणि पालकाला द्यायचं आउटपुट टाइपमध्येच ठरलेलं असतं, आउटमेसेज हाताने फिरवावा लागत नाही. ज्यांच्या अ‍ॅपमध्ये खरोखर स्वतंत्र विजेट असतात त्यांनी ते बघावं. टाइपच्या सह्या मात्र लांबलचक होतात आणि नव्या माणसाला वाचायला जड जातात. एल्मची कुठलीही फाइल आमच्याकडे नवा आलेला मुलगा आठवड्याभरात वाचायला लागतो. एल्मवरच उभ्या असलेल्या लॅमडेरामध्ये हीच कल्पना सर्व्हरपर्यंत नेली आहे: ब्राउझरकडून सर्व्हरला जाणारे आणि तिकडून येणारे मेसेज हेही एल्मचे टाइपच असतात. आमचा सर्व्हर आधीपासून वेगळ्या भाषेत असल्याने आम्हाला ते घेता आलं नाही, मला मात्र ते मनापासून आवडलंय.

तक्रारी. एक, शिफारस केलेली एकच वाट मार्गदर्शिकेत शेवटपर्यंत दाखवलेली नाही. मेसेज वर कसा न्यायचा याचं शहाणपण भाषणांत, चर्चांत आणि इतरांच्या कोडमध्ये विखुरलेलं आहे, त्यामुळे प्रत्येक टीम ते नव्याने गोळा करते. दोन, जोडणीचा कोड हातानेच लिहावा लागतो. एल्म लँडसारखी साधनं पानांची जोडणी तयार करून देतात, पण पानाच्या आतलं आपल्यालाच करायचं. तीन, ०.१९.१ ऑक्टोबर २०१९ मधली आहे आणि भाषा तेव्हापासून त्याच जागी आहे. मला या स्थैर्याचा फायदाच झाला, तेव्हाचा कोड आजही जसाच्या तसा कंपाइल होतो. पण नोकरीच्या बाजारात एल्म जाणणारा माणूस शोधायला निघालात तर रिकाम्या हाताने परत याल. शिकवायची तयारी ठेवा.

किंमत शून्य, बीएसडी परवान्याखाली मोफत आहे. माझ्याकडून पाचपैकी चार. फॉर्म, याद्या, पोर्टवर येणारी यंत्रं आणि वर्षानुवर्षं चालवायचं अ‍ॅप असेल, टीम छोटी असेल, तर डोळे मिटून घ्या. सुरुवात एकाच फाइलने करा. पहिलं मॉड्यूल वेगळं काढाल तेव्हा त्यात मॉडेल आणि फंक्शनं एवढंच ठेवा, मेसेज टाइप ठेवूच नका. आमच्या 'गेटपास' मॉड्यूलला आजही स्वतःचा मेसेज टाइप नाही. गाडीचा नंबर, गाव, शेतकऱ्याचं नाव हे बदलायची फंक्शनं तेवढी आहेत, आणि मुख्य अपडेट ती बोलावतं.